लकव्यातून जीव वाचला, पण तोल कोण सावरणार?

विश्लेषण

गावात कुणाच्या अंगावरून वारं गेलं की ती बातमी तासाभरात व्हॉट्सॲपवर फिरते. गाडी कुणाची नेली, कुठल्या दवाखान्यात भरती केलं, इंजेक्शन मिळालं का, किती पैसे भरले, सगळं कळतं. आठ-दहा दिवसांनी माणूस घरी येतो. अंगणात गाडी थांबते, चौघं जण उचलून ओसरीवरच्या खाटेवर झोपवतात. पाहुणे भेटून जातात, "जीव वाचला, देवाची कृपा" म्हणतात. गावाच्या लेखी विषय तिथे संपतो.

पुढचं मात्र ग्रुपवर येत नाही. महिनाभरानं तोच माणूस पहाटे लघवीला उठतो, न्हाणीपाशी घसरतो आणि खुब्याचं हाड मोडून बसतो. आता ऑपरेशन, पुन्हा खाट, पुन्हा खर्च. घरचे बुचकळ्यात पडतात. "हाताला ताकद आली होती, पाय उचलत होता, मग पडला कसा?"

उत्तर असं आहे की ताकद आणि तोल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लकव्यात दोन्ही जातात. ताकदीकडे सगळ्यांचं लक्ष असतं, तोलाकडे कुणाचंच नसतं. बऱ्याच रुग्णांमध्ये हा तोल सरावानं बऱ्यापैकी परत आणता येतो. त्यासाठी शिकवणारा जाणकार माणूस हाताशी लागतो, आणि आपल्या तालुक्यांत नेमकी तीच जागा रिकामी आहे. हा लेख त्या रिकाम्या जागेबद्दल आहे.

हा शहरातला आजार नाही

लकवा म्हणजे बसून काम करणाऱ्या शहरी लोकांचा आजार, असा एक समज आहे. आपल्याच राज्यातल्या गडचिरोली जिल्ह्यानं तो खोटा ठरवला. तिथल्या 'सर्च' संस्थेच्या संशोधकांनी २०११ ते २०१३ या काळात ८६ गावांतल्या मृत्यूंची घरोघरी जाऊन कारणं शोधली. २०१५ मध्ये छापून आलेल्या या अभ्यासात मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण निघालं पक्षाघात. एकूण मृत्यूंपैकी १४.३ टक्के, म्हणजे साधारण दर ७ मृत्यूंमागे १. हा जंगलपट्टीतला, शेतीवर आणि मजुरीवर जगणारा भाग आहे. तिथे ही गत, तर आपल्याकडे वेगळं काय असणार?

जागतिक पातळीवरचा अंदाज असा की २५ वर्षांवरच्या दर ४ माणसांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी पक्षाघात होतो. न तपासलेलं बीपी, साखर, तंबाखू, बिडी, दारू ही कारणं आपल्या गावात भरपूर आहेत. दरवर्षी २९ ऑक्टोबरला जागतिक पक्षाघात दिन येतो, दवाखान्यांत फलक लागतात. फलकावर 'वेळेत दवाखान्यात या' एवढंच असतं. घरी गेल्यावर काय करायचं, हे क्वचितच लिहिलेलं दिसतं.

तोल जातो म्हणजे नेमकं काय होतं?

आपण सरळ उभे राहतो ते नुसत्या पायांच्या जोरावर नाही. मेंदूला तीन ठिकाणांहून सतत खबर येत असते. डोळे सांगतात आजूबाजूला काय आहे. कानाच्या आतला भाग सांगतो डोकं कुठे झुकलंय. तळपाय आणि सांधे सांगतात जमीन कशी आहे, वजन कुठल्या पायावर आहे. मेंदू या तिन्ही खबरा जुळवतो आणि पोट, पाठ, कंबर, पाय यांच्या स्नायूंना क्षणोक्षणी हुकूम देतो. बांधावरून चालताना आपण पडत नाही ते यामुळेच.

पक्षाघातात मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो किंवा तिथे रक्तस्राव होतो. मग यातली कुठलीही कडी निखळू शकते. कुणाचा पाय लुळा पडतो. कुणाला पायाखालची जमीनच कळत नाही, कापसावर उभं राहिल्यासारखं वाटतं. कुणाच्या लहान मेंदूला इजा होते, हातापायात ताकद शाबूत असूनही माणूस दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो. आणि बहुतेकांचं धड, म्हणजे पोट आणि पाठ, एका बाजूनं ढिलं पडतं. खाटेच्या कडेला बसवलं की माणूस एका अंगावर कलतो.

काही रुग्णांत आणखी एक विचित्र प्रकार दिसतो. बसवलं की ते चांगल्या हातानं, चांगल्या पायानं जोर लावून स्वतःला लकवा असलेल्या बाजूला ढकलत राहतात. आपण सरळ करायला गेलो तर घाबरतात, उलटा जोर लावतात. घरच्यांना वाटतं हट्टीपणा चाललाय. तो हट्ट नसतो. गवंड्याचा ओळंबाच वाकडा लागला तर भिंत वाकडीच उभी राहणार, तसं इथे झालेलं असतं. 'सरळ' म्हणजे काय याची मेंदूतली जाणीव सरकलेली असते. कललेलं असताना त्यांना आपण सरळ आहोत असं वाटतं आणि सरळ केलं की पडतोय असं वाटतं.

चांगली गोष्ट अशी की अशा रुग्णांचे डोळे बहुतेक वेळा सरळ रेघ बरोबर ओळखतात. म्हणून फिजिओथेरपिस्ट त्यांना दाराची चौकट, खांब, भिंतीचा कोपरा दाखवून "या रेघेशी अंग जुळवा" असं शिकवतात. हा प्रकार बहुतेकांत काही महिन्यांत कमी होत जातो. त्यांच्यावर ओरडून किंवा जबरदस्तीनं ओढून काही होत नाही.

उजव्या मेंदूला इजा झालेल्या काही जणांचं डावीकडे लक्षच जात नाही. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते, डावा खांदा दाराला आपटतो. डोळे चांगले असतात, मेंदू त्या बाजूची दखल घेत नाही. असा माणूस डाव्या बाजूच्या खुर्चीला, शेळीच्या दाव्याला अडखळून पडतो. घरच्यांना हे ठाऊक असेल तर अर्धे अपघात टाळता येतील.

इथे आणखी एक सांगायला हवं. नुसता तोल जाणं हीसुद्धा पक्षाघाताची सुरुवात असू शकते. तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं ही लक्षणं आता लोकांना माहीत झालीत. पण अचानक भोवळ येऊन चालता न येणं, एकाचे दोन दिसणं, हे पित्त समजून लिंबूपाणी देऊन झोपवलं जातं. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन सुरुवातीच्या साडेचार तासांतच देता येतं, तेही सीटी स्कॅन केल्यावर. असं अचानक झालं तर १०८ ला फोन करायला थांबू नका.

लगेच चालवायचं, की झोपवून ठेवायचं?

आपल्याकडे दोन टोकं दिसतात. एक म्हणजे "तीन महिने हलवायचं नाही". दुसरं म्हणजे घरी आल्याच दिवशी दोघांनी बगलेत धरून अंगणात फरफटत चालवायचं. दोन्ही चुकीचं.

'अव्हर्ट' नावाच्या मोठ्या अभ्यासात पाच देशांतल्या २,१०४ रुग्णांना घेतलं होतं. काहींना पहिल्या २४ तासांतच उठवून वारंवार, जास्त वेळ हालचाल करायला लावली. २०१५ मध्ये निकाल आला, तो सगळ्यांना चकित करणारा होता. तीन महिन्यांनी नेहमीची काळजी मिळालेल्यांपैकी ५० टक्के रुग्ण चांगल्या स्थितीत होते, घाईनं जास्त हालचाल केलेल्यांपैकी ४६ टक्के. म्हणजे अगदी पहिल्या दिवशी घाई करून फायदा होत नाही. पण याचा अर्थ पडून राहा असाही नाही. पडून राहिल्यानं अंगाला जखमा होतात, छातीत कफ साठतो, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात, सांधे आखडतात. डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला की थोडं थोडं, पण दिवसातून अनेक वेळा, हेच सूत्र.

या काळात सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे लुळ्या हाताला धरून ओढणं. त्या खांद्याचे स्नायू ढिले असतात, खांदा सांध्यातून खाली सरकतो आणि पुढे महिनोन्महिने दुखत राहतो. दुखऱ्या खांद्याचा माणूस व्यायाम करत नाही, आणि मग तोलही मागे राहतो. उठवताना कमरेला, पाठीला आधार द्या. हात ओढू नका, बगलेत हात घालून उचलू नका.

तोल परत कसा येतो?

मेंदूचा मेलेला भाग परत जिवंत होत नाही. पण शेजारचे भाग त्याचं काम शिकून घेऊ शकतात. पाटाचं पाणी एका ठिकाणी अडलं तर दुसरीकडून वाट काढतं, तसंच काहीसं. ही वाट पडते वारंवार तेच काम केल्यानं. सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात वेगानं होते, सहा महिन्यांपर्यंत बरीच होते, त्यानंतरही सराव चालू ठेवला तर हळूहळू होत राहते. "वर्ष झालं, आता काही होणार नाही" हे म्हणणं खरं नाही.

व्यायामाची चढण साधारण अशी असते. रुग्णागणिक ती बदलते, म्हणून सुरुवात जाणकारानं तपासल्यावरच करायची.

पहिली पायरी, खाटेवर कुशीवर वळणं. दोन्ही बाजूंना, स्वतःच्या प्रयत्नानं.

दुसरी, खाटेच्या कडेला बसणं. दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकलेले हवेत. इथे आपली सुतळीची बाज उपयोगाची नाही, ती खचते आणि माणूस कलतो. फळ्यांची टणक खाट किंवा दिवाण हवा. आधी धरून, मग हात सोडून बसणं. नंतर पुढे, डावीकडे, उजवीकडे ठेवलेला तांब्या घ्यायला वाकणं आणि परत सरळ होणं. धडाच्या अशा व्यायामांनी तोल आणि चालणं दोन्ही सुधारतं, असं २०२३ मध्ये आलेल्या कॉक्रेन आढाव्यात दिसून आलं आहे. गावाकडे हीच पायरी गाळली जाते आणि थेट चालवायला सुरुवात होते.

तिसरी, बसल्या जागेवरून उभं राहणं. पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे घ्यायची, अंग पुढे झुकवायचं आणि वजन दोन्ही पायांवर ठेवून उठायचं. सगळा भार चांगल्या पायावर टाकायची सवय लागते, ती मोडावी लागते. पाच वेळा जमलं की सात, मग दहा. साधा दिसणारा हा व्यायाम फार कामाचा आहे, कारण संडासला जाण्यापासून एसटीत बसण्यापर्यंत सगळं त्यावरच उभं आहे.

चौथी, खिडकीचे गज किंवा ओटा धरून उभं राहून वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेणं. मग एक पाऊल पुढे, एक मागे. मग चालणं, वळणं, उंबरठा ओलांडणं. वळताना आणि बोलता बोलता चालताना पडण्याची भीती जास्त असते, हे लक्षात ठेवा.

काठी चांगल्या हातात धरायची. आधी काठी पुढे, मग लकव्याचा पाय, मग चांगला पाय. पायऱ्या चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी लकव्याचा पाय.

सराव करताना एक माणूस लकव्याच्या बाजूला उभा हवाच. चक्कर, छातीत दुखणं, धाप लागणं असं काही झालं तर लगेच थांबायचं.

आणि मुठीत चेंडू दाबत बसणं? अनेक घरांत तेवढाच व्यायाम चालतो. त्यानं तोल सुधारत नाही. ज्याची बोटं आधीच आवळलेली आहेत त्याची ती आणखी आवळू शकतात. तेलाचं हलकं मालिश करायला हरकत नाही, अंगाला बरं वाटतं. पण मालिश म्हणजे व्यायाम नव्हे. रुग्णानं स्वतः केलेली हालचालच मेंदूला शिकवते. कबुतराचं रक्त चोळणं, अमुक गावचं लकव्याचं औषध, देवऋषी, यांच्यामागे जे पहिले तीन महिने जातात ते परत मिळत नाहीत. लोक मूर्ख आहेत म्हणून तिकडे जातात असं नाही. दवाखान्यानं कागद हातात देऊन घरी पाठवलं आणि पुढचा रस्ता कुणी सांगितला नाही, म्हणून जातात.

घरात काय बदलता येईल?

पडणं टाळायला पैशापेक्षा नजर जास्त लागते. रुग्णाच्या खाटेपासून संडासापर्यंतच्या वाटेवर स्वतः चालून बघा. उंच उंबरठा, ओली शहाबादी फरशी, अंगणातली मोरी, वाटेत पडलेला पाईप, दावं, नातवंडांची खेळणी दिसतील. तिथेच माणूस पडतो.

न्हाणीत आणि संडासात भिंतीला मजबूत लोखंडी दांडा बसवून घ्या. उकिडवं बसायच्या भांड्यावर तोल राहत नाही, कमोडची खुर्ची मिळते ती ठेवा. अंघोळ स्टुलावर बसून. सैल हवाई चप्पल बंद, मागून पट्टा असलेली चप्पल किंवा सँडल. उशाशी टॉर्च, कारण लाईट कधी जाईल ते आपल्याकडे सांगता येत नाही. रात्री लघवीसाठी खाटेजवळच भांडं.

उठताना घाई नको. बीपीच्या गोळ्या चालू असताना एकदम उभं राहिलं की काहींचं बीपी उतरतं आणि भोवळ येते. आधी बसा, थोडं थांबा, मग उभे राहा. पण चक्कर येते म्हणून बीपीची किंवा रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका. दुसरा झटका त्यातूनच येतो. डॉक्टरांना सांगा, ते मात्रा बदलतील.

आणखी एक, रुग्णाला सगळं हातात देऊ नका. "तुम्ही बसा बाबा, मी देते" यात माया असते, पण बाबा बसूनच राहतात. एकदा पडलेला माणूस भीतीनं हालचाल सोडतो, हालचाल सोडली की आणखी दुबळा होतो आणि पुन्हा पडतो.

"घरच्यांना शिकवा" एवढ्यानं भागत नाही

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे येऊ. हे सगळं वाचून कुणी म्हणेल, मग घरच्यांनीच शिकून घ्यावं, मोबाईलवर व्हिडिओ आहेतच. सरकारलाही हा उपाय आवडतो, कारण तो स्वस्त आहे.

पण हा उपाय भारतातच तपासून झाला आहे. 'अटेंड' नावाच्या अभ्यासात देशातल्या १४ रुग्णालयांतले १,२५० रुग्ण घेतले होते. निम्म्या रुग्णांच्या घरच्यांना व्यायाम आणि काळजी कशी घ्यायची हे शिकवलं, बाकीच्यांना नेहमीची सेवा. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत ४७ टक्के रुग्ण एकतर दगावले होते किंवा दुसऱ्यावर अवलंबून होते. फरक शून्य.

याचा अर्थ घरच्यांची सेवा वाया जाते असा नाही. ती नसेल तर माणूस जगणारच नाही. पण दवाखान्यात थोडं शिकवून सगळा भार घरावर टाकला की फिजिओथेरपीचं काम आपोआप होतं, हे गणित चुकतं. सून, बायको, लेक यांना कलणाऱ्या माणसाला किती आधार द्यायचा, कधी सोडायचा, पुढची पायरी कधी घ्यायची, हे एकदा सांगून कळत नाही. पुन्हा पुन्हा येऊन बघणारा माणूस लागतो.

शिवाय 'घरचे' म्हणजे कोण? बहुतेक ठिकाणी एक बाई. तिला पहाटे धारा, मग स्वयंपाक, मग खुरपणीची मजुरी. ती घरी थांबली तर तिचा रोज बुडतो. ऊसतोडीला जाणाऱ्या घरात तर जाणती माणसं पाच-सहा महिने गावातच नसतात, मागे म्हातारी आणि शाळकरी पोरं. आणि त्या बाईलाच वारं गेलं तर सांभाळणारं माणूसच खाटेवर.

कागदावर काय, तालुक्यात काय?

सरकारनं काहीच केलं नाही असं म्हणता येणार नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. लकव्याच्या पहिल्या दिवसांत त्याचा मोठा आधार होतो. पण या योजना दवाखान्यात भरती असतानाच्या उपचारांवर बेतलेल्या आहेत. सुट्टी मिळाल्यावर थोडे दिवस धरले जातात, त्यापुढे खिशातून. तोल शिकायला मात्र महिने लागतात. म्हणजे जिथे गरज सुरू होते तिथे कार्ड संपतं.

ज्येष्ठांच्या आरोग्यासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून आहे. त्यात जिल्हा रुग्णालयात ज्येष्ठांसाठी १० खाटांचा कक्ष आणि फिजिओथेरपी, ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर पुनर्वसन कर्मचारी, अंथरुणाला खिळलेल्यांसाठी घरभेटी, असं सगळं लिहिलेलं आहे. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या १२ सेवांतही ज्येष्ठांची काळजी आहे. लिहिलेलं चांगलंच आहे. आता तुमच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन विचारा, हा पुनर्वसन कर्मचारी कोण, कुठल्या वारी बसतो, शेवटची घरभेट कधी झाली.

फिजिओथेरपी जिल्ह्याच्या ठिकाणी मिळते, हे उत्तर पुरेसं नाही. ७५ वर्षांवरच्या आजोबांना एसटीचा प्रवास फुकट आहे, पण एसटीची पायरी चढता आली असती तर फिजिओथेरपी कशाला लागली असती? मग भाड्याची गाडी, सोबत दोन माणसं, त्यांचा बुडालेला रोज. आठवड्यातून तीन वेळा हे कुठल्या शेतकऱ्याला परवडेल? लोक एकदा जातात, दोनदा जातात, मग बंद करतात. दवाखान्याच्या कागदावर 'रुग्ण पुन्हा आला नाही' अशी नोंद होते. तो का आला नाही, ते कागद सांगत नाही.

मागायचं काय?

नुसतं गाऱ्हाणं मांडून उपयोग नाही. काही गोष्टी आजच्या नियमांत बसतात.

एक, आठवड्यातून ठरलेल्या दोन दिवशी ग्रामीण रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आणि महिन्यातून निदान दोनदा घरभेट. मंजूर पद रिकामं असेल तर माहिती अधिकारात अर्ज टाका, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ग्रामसभेचा ठराव करून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना आणि जिल्हा शल्यचिकित्सकांना पाठवा.

दोन, सुट्टी देताना दवाखान्यानं औषधांच्या चिठ्ठीसोबत मराठीत व्यायामाचा कागद द्यावा आणि गावच्या उपकेंद्राला, आशाताईंना तशी खबर द्यावी. सुट्टीच्या दिवशी घरच्यांनी हे मागून घ्यावं. "कसं बसवायचं, कसं उठवायचं ते आमच्या डोळ्यांसमोर करून दाखवा" असं म्हणायला लाजू नका.

तीन, ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. अनेक गावांत तो वर्षाअखेरीस घाईनं वाटून संपवला जातो. त्यातून दोन वॉकर, दोन कमोड खुर्च्या, एक चाकाची खुर्ची पंचायतीत घेऊन ठेवली आणि गरजेप्रमाणे फिरवली, तर एका घरानं वापरून अडगळीत टाकलेली वस्तू दहा घरांना पुरेल.

चार, अपंगत्वाचं प्रमाणपत्र. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात लकव्यानं आलेलं कायमचं अपंगत्व बसू शकतं, आणि ४० टक्के किंवा जास्त असेल तर योजनांची दारं उघडतात. प्रकृती काही महिन्यांत स्थिर झाली की यूडीआयडी कार्डासाठी अर्ज करा. ६५ वर्षांवरच्या गरजू ज्येष्ठांसाठी मुख्यमंत्री वयोश्री योजनेत साधनांसाठी एकदाच ३ हजार रुपये खात्यावर येतात. काठी, वॉकर, कमोड खुर्ची यांसाठीच ते आहेत.

पाच, पैसे देऊन घरी फिजिओथेरपिस्ट बोलावत असाल तर राज्य परिषदेची नोंदणी आहे का ते विचारा. चार दिवस कुठेतरी मशीन चालवून 'थेरपिस्ट' झालेले लोकही फिरत असतात. नुसती करंटची मशीन लावून, अंग न हलवता निघून जाणाऱ्याकडून तोल येणार नाही.

शेवटी

लकव्यानंतर सगळेच जण पूर्वीसारखे होतील असं वचन कुणी देऊ शकत नाही. पण खाटेवर पडून राहणं आणि स्वतःच्या हातानं जेवून, काठी टेकत संडासला जाऊन येणं, यात माणसाच्या इभ्रतीचा फरक असतो. एका बाईचा बुडणारा रोज आणि न बुडणारा रोज, हाही फरक असतो. तो फरक पाडायला करोडोची मशीन लागत नाही. एक टणक खाट, एक दांडा, रोजचा सराव आणि आठवड्याला दार ठोठावणारा एक शिकलेला माणूस लागतो.

पहिल्या तीन गोष्टी आपण आपल्या घरी करू शकतो. चौथी सरकारनं कागदावर कबूल केलेली आहे. पुढच्या ग्रामसभेत रस्ते आणि गटारींच्या यादीत हा विषय घालायचा का, हे आपल्या हातात आहे. ज्यांच्यासाठी तो घालायचा, त्यांना सभेपर्यंत चालत येता येत नाही, म्हणून तो आपल्यालाच घालावा लागेल.